झाकण उघडते का?

आमच्या शनिवार पेठेतील घराच्या माळ्यावर स्टीलचा एक डबा आहे. पत्रा जाड, घाट देखणा आणि तीस वर्षे उलटूनही चकाकी कायम. त्यात खिळे, जुन्या किल्ल्या आणि पितळी कड्या ठेवलेल्या असतात. झाकण मात्र त्यावर कधी नसते, ते शेजारी निराळे पडलेले असते. एकदा बसले की ते निघत नाही, एवढेच त्याचे कारण. हा डबा आमच्या घरी कसा आला आणि मी तो अद्याप मोडीत का काढला नाही, याविषयी या सदरात आजवर मी कधी लिहिले नाही. अलीकडे घडलेल्या एका प्रसंगामुळे ते लिहिणे भाग पडले आहे.

परिचयातील एका भांडी-व्यापारी कुटुंबातील मुलगा एका संध्याकाळी घरी आला. तीन पिढ्यांचा घाऊक व्यापार, रविवार पेठेत दुकान, बाजारात पत उत्तम. मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर. दुसऱ्यांनी घडवलेला माल विकण्यापेक्षा आपणच काही वस्तू घडवाव्यात, अशी त्याच्या मनाने उचल घेतली होती. हातात प्रकल्प अहवाल होता. “काका, बँकेत देण्याआधी आकडे तुमच्या नजरेखालून जाऊ देत,” असे म्हणून त्याने तो माझ्यापुढे ठेवला.

आकडे नजरेखालून घालण्यातच माझे आयुष्य गेले. यंत्रसामग्रीची किंमत, खेळते भांडवल, ना-नफा-ना-तोट्याचा बिंदू, परतफेडीचे हप्ते, सारे मी वाचून काढले. अहवाल चोख होता. स्वयंपाकघरात वापरायच्या स्टीलच्या डब्यांचा संच तयार करायचा होता. पान उलटता उलटता माझी नजर पुन्हा पुन्हा माळ्याकडे जाऊ लागली. शेवटी मी अहवाल मिटला आणि म्हणालो, “आकड्यांचे उद्या बोलू. उद्या अकरा वाजता ये, आपल्याला थोडे चालायचे आहे.”

दुसऱ्या दिवशी आम्ही शनिवारवाड्यावरून निघालो. दिल्ली दरवाज्यासमोर क्षणभर थांबलो. हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्या प्रचंड दारांवर अणकुचीदार खिळे बसवलेले आहेत, हे पुण्यातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्याच दारातील लहानशी दिंडी मात्र फारशी कोणी निरखत नाही. रोज जाणाऱ्या-येणाऱ्या माणसासाठी अवाढव्य दार उघडण्याचे कारण नाही, त्याला वाकून जाण्यापुरती वाट पुरे. त्या दाराने हत्तीचाही विचार केला आहे आणि माणसाचाही. मी मुलाला एवढेच दाखवले आणि बाजीराव रस्त्याने अप्पा बळवंत चौक ओलांडून आम्ही नातूबागेकडे वळलो.

तेथे राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. पाहुणे आले की त्यांना दाखवायचे आणि एरवी विसरून जायचे, असे आपल्यातील बहुतेकांचे त्या वास्तूशी नाते असते. वास्तविक प्रत्येक व्यापाऱ्याने वर्षातून एकदा तरी तेथे जावे, असे माझे मत आहे. दिनकर गंगाधर केळकर हे १८९६ साली जन्मलेले गृहस्थ. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे आणि घरचा व्यवसाय चष्म्यांचा. म्हणजे तेही दुकानाच्या गल्ल्याशी परिचित. १९२० नंतरच्या काळात त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा नाद लागला. गावोगाव फिरून, पदरमोड करून त्यांनी सुमारे वीस हजार वस्तू मिळविल्या. या कामात त्यांच्या पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. संग्रहालयाला त्याचेच नाव आहे. १९७५ साली त्यांनी हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

या संग्रहाचे वैशिष्ट्य असे की, त्यात राजेरजवाड्यांच्या तलवारी-जडजवाहिरांपेक्षा घरगुती वस्तूंचा मान मोठा आहे. दिवे, अडकित्ते, वज्री, कुलुपे, फण्या, स्वयंपाकघरातील भांडी अशा ज्यांच्याकडे एरवी कोणी वळून पाहणार नाही, त्या वस्तू तेथे कपाटांतून मांडलेल्या आहेत. अडकित्त्यांच्या कपाटापुढे मी त्या मुलाला उभे केले. पात्याची धार सुपारीसाठी, पण दांड्यांचा बाक मुठीसाठी. दोन्ही दांड्या मिटल्यावर बोट चिमटू नये म्हणून मध्ये राखलेली जागा. पाय घासायची वज्री पाहावी, तर तिचा तळ खरबरीत आणि वरचा भाग ओल्या मुठीतून निसटणार नाही असा. एखाद्या मुठीवर मोर, एखाद्यावर पोपट. ही नक्षी शोभेची खरी, पण बोटांना धरायला आधारही तीच देते. घडवणाऱ्याचे नाव यांतील बहुतेक वस्तूंवर नाही. वापरणाऱ्याचा हात मात्र प्रत्येक वस्तूत दिसतो.

“यांनी काय अभ्यास केला असेल?” मुलाने विचारले. प्रश्न योग्य होता. त्या कारागिरांनी कसलेही सर्वेक्षण केले नव्हते. मात्र त्यांच्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये फारसे अंतर नव्हते. कसबा पेठेतील तांबट आळीत घडलेला तांब्या दोन पेठा ओलांडून कोणाच्या तरी घरी जाई आणि त्याचा काठ ओठाला बोचला, तर ती तक्रार आठ दिवसांत त्याच हातोड्यापर्यंत परत येई. अशा शेकडो तक्रारी पोटात घालून वस्तू घाटदार झाली. आज घडवणारा एका औद्योगिक वसाहतीत असतो, वापरणारी तिसऱ्याच शहरातील चौथ्या मजल्यावर असते, आणि त्यांच्या मध्ये घाऊक व्यापारी, वितरक, किरकोळ दुकानदार अशी साखळी असते. माल त्या साखळीतून पुढे जातो, पैसा मागे येतो, तक्रार मात्र कोठेतरी मध्येच विरते. साखळीचा नेमका तो दुवा म्हणजे आपण व्यापारी. या लेखात मला सांगायचे आहे ते मुख्यतः हेच आहे.

घरगुती वस्तूंकडे अशा नजरेने पाहणे हा केवळ म्हातारपणचा हळवेपणा नव्हे. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन वस्तुरचनाकार दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून आपला देश हिंडून एक अहवाल सादर केला. उद्योगांसाठी वस्तूंची रचना करणारी माणसे भारताने कशी तयार करावीत, हा त्याचा विषय होता. या अहवालात त्यांनी ज्या वस्तूची सर्वाधिक वाखाणणी केली, ती विमान नव्हती की यंत्र नव्हते. ती होती आपला लोटा. तो कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा तोलला जातो, भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, धार कशी पडते, घासताना हात आत जातो का, उन्हात तो कसा दिसतो, किंमत किती, मोडीत किती येतील, असे अनेक प्रश्न त्यांनी त्या एका भांड्याला विचारले. त्या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबादेत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन ही संस्था उभी राहिली. तिच्या उभारणीत आपल्याच समाजातील साराभाई घराण्याच्या गौतम आणि गिरा या भावंडांचा वाटा फार मोठा होता. कापडगिरणीच्या घरातील माणसांना लोट्याचे मोल कळले, याचे मला आश्चर्य वाटत नाही. चांगल्या व्यापाऱ्याला मालाची पारख हातानेच होत असते.

या संस्थेचे एक काम तुमच्या-आमच्या खिशात आहे, आणि बँकेत उभा जन्म काढल्यामुळे त्याविषयी मला अधिकाराने बोलता येते. मी नोकरीत असताना एक अंध गृहस्थ आमच्या शाखेत दर आठवड्याला चिल्लर भरायला येत. उदबत्त्या विकून मिळालेली ती कमाई असे. त्यांच्या पिशव्या घरूनच लावून आणलेल्या असत: रुपयाची निराळी, दोनाची निराळी, पाचाची निराळी. रोखपाल मोजत आणि एका नाण्याचीही चूक निघत नसे. दोन रुपयांचे जुने नाणे अकरा कोनांचे होते, ते बोटाला तत्काळ कळे. पुढे ते गोल झाले. त्यानंतर २०११च्या मालिकेत दोन रुपयांचे जे नाणे आले, ते आधीच्या एक रुपयाच्या नाण्याएवढेच होते. दोन्ही बाजारात एकदमच फिरत होती. डोळस माणसेही फसत, मग त्यांची काय कथा! त्यांच्या पिशव्यांत चुका निघू लागल्या. एके दिवशी ते काउंटरवर उभे राहून म्हणाले, “साहेब, माझी बोटं म्हातारी झाली.” त्यांची बोटे म्हातारी झाली नव्हती. नाणे घडवताना त्या बोटांचा कोणी विचार केला नव्हता. मी ‘बघू या’ असे काहीसे म्हणालो. वर लिहून कळवावे, हे मला सुचले नाही. रोज शेकडो हातांचा अनुभव माझ्या काउंटरवर येऊन पडत होता, आणि मी तो नोंदवहीत न घेता झाडून टाकत होतो.

७ मार्च २०१९ रोजी एक, दोन, पाच, दहा आणि वीस रुपयांची नवी नाणी प्रकाशित झाली. दृष्टिहीनांना ओळखता यावीत हाच त्यांच्या रचनेचा हेतू होता आणि त्या रचनेत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनचा सहभाग होता. मूल्य वाढेल तसा आकार आणि वजन वाढत जाते. वीस रुपयांचे नाणे तर बारा बाजूंचे आहे. नोटांचेही असेच. शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आणि कडेला चार तिरप्या रेषा, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ आणि पाच रेषा. डोळे मिटून, अंगठ्याने चाचपून एकदा पाहा. हजारो नोटा मोजूनही आपण ज्या खुणेकडे लक्ष दिले नाही, ती कोणासाठी तरी दिवसाच्या कमाईचा एकमेव पुरावा असते. वस्तू सर्वांत दुर्बळ हाताला साधली की ती सर्वांनाच साधते. बारा बाजूंचे ते नाणे अंधारात माझ्याही हाताला कळते.

आतापर्यंत हाताविषयी लिहिले. वस्तू घेताना माणूस हाताबरोबर आपले मनही घेऊन येतो, आणि हे आपल्या घरांतून निराळे सांगायला नको. बिस्किटाचा पुडा घेताना त्यात काय आहे, हा प्रश्न आपल्या आया-आज्या दुकानदाराला विचारत आणि तो बिचारा “नसावं काही, बहुधा” असे सांगे. त्या ‘बहुधा’वर अनेकांनी आयुष्यभर बिस्किटे वर्ज्य केली. २००१ साली वेष्टनांवर शाकाहारी-मांसाहारी खुणा कायद्याने आवश्यक झाल्या. चौकोनातील हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी ठिपका म्हणजे मांसाहारी. यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्यांत आपल्या पुण्यातील ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही संस्था होती, हे पुणेकरांनी लक्षात ठेवावे. वेष्टनाचा दर्शनी भाग शंभर चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल, तर ठिपका किमान तीन मिलिमीटर व्यासाचा असावा, असे नियम सांगतात. तीन मिलिमीटर म्हणजे मोहरीच्या दाण्याहून थोडा मोठा. एवढ्या जागेत कोट्यवधी माणसांच्या आचाराचा मान राखला गेला. अक्षर न येणाऱ्यालाही तो वाचता येतो, मराठी येवो अथवा न येवो.

तरीही त्या खुणेत एक उणीव राहिली होती. माझ्या ओळखीचे एक किराणा-व्यापारी आहेत. दुकानात पन्नास वर्षे काढलेले, अत्यंत काटेकोर आचाराचे. नव्या कंपनीचा पुडा आला की ते नातवाला हाक मारीत आणि “ठिपका कसला आहे रे?” असे विचारीत. आम्हाला वाटे, दृष्टी अधू झाली असेल. पुढे कळले की, त्यांना हिरव्या आणि तपकिरी रंगांतील भेद जन्मापासूनच दिसत नाही. पुरुषांत हा दोष स्त्रियांपेक्षा पुष्कळच अधिक आढळतो, आणि अनेकांना तो असल्याचे ठाऊकही नसते. दोन्ही खुणा ठिपक्याच्याच, दोन्ही चौकोनातील, भेद केवळ रंगाचा. म्हणजे ज्यांच्या श्रद्धेसाठी ती खूण निर्माण झाली, त्यांतील काही जणांना ती वाचताच येत नव्हती. २०२०च्या नियमांनी मांसाहारी खुणेतील ठिपका काढून त्या जागी त्रिकोण आणला, तो याच कारणाने. आता रंग दिसो वा न दिसो, गोल म्हणजे शाकाहारी आणि त्रिकोण म्हणजे मांसाहारी. हे कळल्यावर त्या व्यापारी गृहस्थांनी जुन्या आणि नव्या वेष्टनांचे कागद शेजारी ठेवून कितीतरी वेळ पाहिले होते. “आता नातवाला हाक मारायला नको,” एवढेच ते म्हणाले.

या लहानशा बदलातून मला एक भेद स्पष्ट झाला. ठिपका आला तेव्हा मूल्याचा आदर झाला, आणि त्रिकोण आला तेव्हा अनुभवाचा आदर झाला. मूल्य जपण्याची सदिच्छा पुरेशी नसते, ते माणसाच्या डोळ्यापर्यंत आणि हातापर्यंत पोहोचावे लागते. अर्थात काम येथेही संपलेले नाही. हिरवा ठिपका कंदमुळांविषयी काही सांगत नाही, त्यामुळे आपल्या घरांतील सुना आजही भिंग घेऊन मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचतात. ज्या उत्पादकांनी ‘जैन’ हा शब्द पुड्यावर ठळक छापला, त्यांनी आपल्यावर उपकार केले असे नाही. कोणीतरी दुकानदाराने गिऱ्हाइकाचा रोजचा प्रश्न त्यांच्या कानावर घातला असला पाहिजे, असे मी समजतो.

आता त्या माळ्यावरच्या डब्याविषयी. संग्रहालयातून परतल्यावर मी तो खाली काढला आणि मुलाच्या पुढ्यात ठेवला.

१९९४ साली मी पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी शाखेत कर्जविभाग पाहत होतो. एक तरुण उद्योजक मुदत कर्जासाठी आला. स्टीलचे हवाबंद डबे तयार करण्याचा त्याचा प्रकल्प होता. डाळीला कीड लागू नये, पापड सादळू नयेत, हा हेतू उत्तम. झाकण आट्यांचे नव्हते, ते दाबून बसवायचे होते आणि आत रबराची रिंग होती. अहवालात तालुक्यातील कुटुंबसंख्या होती, दर कुटुंबामागे डबे किती हे होते, नफ्याचे प्रमाणही होते. नमुन्यादाखल त्याने एक डबा मला दिला. मी तो घरी आणला. पत्नी पोळ्या करीत होती. तिने तेलाच्या हाताने झाकण उघडून पाहिले, ते निघाले नाही. पदराने पुसून पाहिले, तरी निघाले नाही. कडेला धरायला काही नव्हते, गुळगुळीत गोल झाकण. शेवटी तिने उलथन्याचे टोक घालून ते उचकटले आणि म्हणाली, “अहो, दिसायला छान आहे, पण स्वयंपाक करताना हात कधी कोरडे असतात का? हे कोणी घेणार नाही.”

मी काय उत्तर दिले, ते मला अक्षरशः आठवते. मी म्हणालो, “प्रकल्प अहवालात सगळं पाहिलंय.” कर्ज मंजूर झाले.

डबे पहिल्या दिवाळीला खपले, कारण ते देखणे होते. दुसऱ्या दिवाळीपर्यंत दुकानदारांकडून परत येऊ लागले. परत का येतात, हे त्या तरुणाला कोणी धड सांगितले नाही. दुकानदार म्हणत, “उठाव नाही.” ‘उठाव नाही’ हे व्यापारातले फार सोयीचे वाक्य आहे. त्याच्या आड गिऱ्हाइकाचे सारे बोलणे दडून राहते. झाकणाच्या कडेला एक लहानसा कान काढला असता, तर कदाचित तो उद्योग तरला असता. खर्च नगण्य होता. पण ज्या बायकांना हे ठाऊक होते, त्यांना कोणी विचारले नाही, आणि जिने न विचारता सांगितले, तिचे मी ऐकले नाही. तीन वर्षांत कर्ज अनुत्पादक ठरले, यंत्रांचा लिलाव झाला. जामीन राहिलेल्या त्याच्या वडिलांना शेताचा एक तुकडा विकावा लागला. वसुलीच्या कागदांवर माझी सही आहे. नियमाने मी कोठेही चुकलो नव्हतो, आणि म्हणूनच ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही. माझे तारण पुरेसे होते, माझी छाननी निर्दोष होती. मात्र ‘झाकण उघडते का?’ असा रकाना त्या छापील अर्जात नव्हता.

आज माझ्या पत्नीच्या बोटांत संधिवात आहे. कोरड्या हातानेही तिला साधी बाटली उघडत नाही, मग ती माझ्याकडे देते. प्रत्येक वेळी बाटली उघडून परत देताना मला ते वाक्य आठवते. हा डबा मोडीत न काढण्याचे कारण हे असे आहे.

मुलाने सारे ऐकून घेतले. मग त्याने संकोचाने विचारले, “काका, म्हणजे मी हा धंदा करू नये का?” मी म्हणालो, “अवश्य करावास. आकडे उत्तम आहेत. पण तू जे विकणार आहेस, ते वापरणारे तुझ्या दुकानात रोज येतात. तुझ्याइतकी सोय तर मोठ्या कारखानदारालाही नाही.”

मी त्याला जयपूर पायाचे उदाहरण दिले, कारण भगवान महावीरांच्या नावाने चालणारी संस्था त्यामागे आहे आणि बहुतेकांनी तिला कधीतरी देणगी दिलेली असते. परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय उत्कृष्ट होता, पण तो बूट घालणाऱ्या, खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी होता. आपल्याकडचा माणूस मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, अनवाणी शेतात जातो, देवळाबाहेर पादत्राणे काढतो. तो पाय मिळूनही लोक घरात काढून ठेवीत आणि कुबड्या घेत. १९६८च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी रबराचा, घोट्यात वळणारा, अनवाणी चालता येईल असा पाय घडवला. सेठी शल्यचिकित्सक आणि शर्मा कारागीर. एकाला शरीर ठाऊक होते, दुसऱ्याला साहित्य ठाऊक होते, आणि दोघांनीही माणूस जेवायला कसा बसतो हे पाहिले होते. १९७५ साली डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि तो पाय गोरगरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचू लागला. तेथे दयेची जोड होती हे खरे. पण नुसती दया असती, तर परदेशी पायच फुकट वाटले गेले असते, आणि ते कोपऱ्यातच पडून राहिले असते.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची दुकाने आहेत, काहींचे कारखानेही आहेत. सल्ला देण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही, तेव्हा तीनच गोष्टी सुचवतो. गल्ल्याजवळ एक वही ठेवावी आणि माल परत आला की ‘उठाव नाही’ असे न लिहिता गिऱ्हाईक नेमके काय म्हणाले, ते त्याच्याच शब्दांत लिहावे. महिनाअखेर त्या वहीतील मजकूर उत्पादकाला पाठवावा. दहांपैकी नऊ जण दुर्लक्ष करतील, दहावा पुढल्या वर्षी तुमचा सर्वांत चांगला पुरवठादार असेल. आणि नवा माल भरण्याआधी तो घरातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान माणसाच्या हातात द्यावा, कसा वापरायचा हे न सांगता. ते कसे धरतात, कोठे अडखळतात, हे शांतपणे पाहावे. यात दमडीचाही खर्च नाही. आपल्या पूर्वजांनी नफ्याबरोबर शुभही लिहिण्याची प्रथा घातली. वापरणाऱ्याचे शुभ वहीत उमटवण्याची ही एक रीत आहे, असे मी समजतो.

तो मुलगा गेल्या रविवारी पुन्हा आला. या वेळी अहवाल नव्हता, पिशवीत चार डबे होते. चारही झाकणांची कड निराळी: एकाला कान, एकाला खोबणी, एकाचा काठ बाहेर वळवलेला, एकाला वर मूठ. मी चष्मा पुसू लागलो. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. “काकू, तुम्ही जरा बघता का?” असे विचारीत तो सरळ स्वयंपाकघरात गेला. पत्नीचे हात कणकेने माखलेले होते. त्याने ते धुऊ दिले नाहीत.

कान असलेला आणि काठ वळवलेला असे दोन उघडले, दोन उघडले नाहीत. न उघडलेल्या दोन डब्यांच्या झाकणांवर त्याने खडूने फुली मारली आणि ती का मारली, ते खिशातील लहानशा वहीत लिहून घेतले.